डोंगरपायथ्याने सायकल टूर: गाड्या नसलेला रूट कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे की सपाटीवर रोज ८०-९० किमी आरामात होतात, आता सामान लादून डोंगरांच्या पायथ्यापायथ्याने पाच-सहा दिवस फिरायचंय, गाड्यांचा त्रास अजिबात नको, तर रूट कसा काढायचा, गिअर-टायर काय ठेवायचे आणि एकट्याने जावं की सोबत घेऊन. मी गेली बावीस वर्षं जवळपास असंच फिरतेय आणि शांत रस्ते शोधून काढणं हा माझा खरा नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अॅपला ‘हायवे टाळ’ म्हणून सांगितलं की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं आणि गडबड तिथेच होते. अॅप मोठा रस्ता वगळून उरलेल्यांतला सगळ्यात जवळचा काढून देतं, आणि तोच रस्ता गाडीवाल्यांच्या फोनलाही शॉर्टकट म्हणून सापडलेला असतो. म्हणजे रस्ता अरुंद, वळणं आंधळी, बाजूला उतरायला जागा नाही आणि वर घाईतल्या गाड्या. हायवे परवडला त्यापेक्षा. म्हणून रस्ता किती लहान आहे ते बघू नका, तो कुणाच्या कामाचा आहे ते बघा. नकाशावरच्या प्रत्येक तुकड्याला मी हा एकच प्रश्न विचारते, की इथून कोण जात असेल आणि कशाला.

डोंगरपायथ्याची ठेवण बहुतेक ठिकाणी सारखीच असते. नद्या डोंगरातून आडव्या बाहेर पडतात, जिथे दरी सपाटीला उघडते तिथे मोठं गाव नाहीतर शहर वसलेलं असतं, आणि या गावांना जोडत मुख्य रस्ता आणि असली तर रेल्वे डोंगराच्या कडेकडेने धावते. मग प्रत्येक दरीत एकेक रस्ता वर चढत जातो. दोन दऱ्यांच्या मध्ये डोंगराची सोंड उतरलेली असते. गाडीवाल्याला या दरीतून पलीकडच्या दरीत जायचं असेल तर तो खाली तोंडाशी येतो, मुख्य रस्त्याने पुढे जातो आणि परत वर चढतो, इंजिनाला काय, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. त्यामुळे वरच्या अंगाला सोंड ओलांडून जाणारे जे बारीक रस्ते असतात त्यांचा गाडीवाल्याला उपयोगच नसतो. आपल्याला हवा तो हाच पट्टा, मुख्य रस्त्यापासून साधारण २०० ते ४०० मीटर उंचावरचा, जिथे खरा घाटरस्ता अजून सुरू झालेला नसतो.

त्यातही सोनं कुठे आहे तर संपणाऱ्या रस्त्यांत. दरीतला डांबरी रस्ता शेवटच्या वस्तीत जाऊन संपतो, पलीकडच्या दरीतलाही तसाच संपतो, आणि दोन्हींच्या मध्ये खिंडीतून जाणारी दोन-चार किलोमीटरची कच्ची वाट असते, बहुतेकदा जुनी गाडीवाट नाहीतर जंगलखात्याचा रस्ता. गाडी तिथे अडते, सायकल जाते. लागलं तर शेवटचा अर्धा किलोमीटर ढकलायची. असे संपणारे रस्ते पाठीला पाठ लावून जोडत गेलं की पाच दिवसांचा रूट तयार होतो, आणि त्यावर दिवसभरात भेटतात त्या फक्त तिथे राहणाऱ्या माणसांच्या गाड्या, ज्या हळू असतात आणि ज्यांना वळणामागे गुरं असू शकतात हे माहीत असतं.

पण संपणारा प्रत्येक रस्ता शांत असतो असं नाही हां. शेवटाला धरण आहे का, दगडखाण आहे का, लोकांना फोटो काढायला आवडेल असा धबधबा किंवा देवस्थान आहे का हे आधी बघायचं. खाण सॅटेलाइट फोटोत लगेच कळते, हिरव्यात पांढुरका करडा चट्टा दिसतो आणि तिथून निघणारा रस्ता धुळीने फिका पडलेला असतो. असा रस्ता टाळताच येत नसेल तर सुट्टीचा दिवस त्याला द्या, ट्रक बंद असतात. धबधब्याच्या रस्त्याचं बरोबर उलटं, तो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी उरकायचा. मी रूट आखताना आधी वार लिहिते आणि मग तुकडे त्या वारांना लावते, नुसत्या किलोमीटरवरून दिवस पाडत नाही.

मधल्या कच्च्या वाटेची खात्री करायला वेळ द्या, तयारीतला सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायला हवा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावर कच्च्या रस्त्यांना ग्रेड १ ते ५ अशी खूण केलेली असते, १ म्हणजे घट्ट आणि ५ म्हणजे मऊ माती-गवत, पण ही खूण कुणीतरी आपल्या अंदाजाने टाकलेली असते, बऱ्याच ठिकाणी नसतेच. म्हणून सॅटेलाइट फोटो शेजारी उघडून ठेवायचा. चाकांच्या दोन रेघा आणि मध्ये गवताची पट्टी दिसली तर मला आनंद होतो, याचा अर्थ ट्रॅक्टर जातो, म्हणजे रस्ता जिवंत आहे पण गर्दी नाही. एकच रेघ असेल तर पायवाट समजायची. रेघ झाडीत शिरून पलीकडे बाहेरच येत नसेल तर ती वाट नाही असं धरून चालायचं, नकाशात कितीही ठळक काढलेली असली तरी. आणि वाट जिथे जिथे ओढा ओलांडते तिथे झूम करून पूल आहे की नुसतं पाण्यातून जायचंय ते बघायचं.

हे मी एकदा केलं नव्हतं. नकाशात रेघ होती, मी गेले, पुलाचा मधला गाळाच वाहून गेला होता. पाणी कमरेएवढं आणि वेगात, सामानाची सायकल घेऊन उतरणं शक्य नव्हतं, संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. आल्या वाटेने ११ किमी अंधारात परत गेले. तेव्हापासून ठरवलंय की दिवसातला अनिश्चित तुकडा दुपारी दोनच्या आत यायला हवा, म्हणजे फसलं तरी परत फिरायला उजेड उरतो. आणि शेवटच्या वस्तीत थांबून विचारायचंच. ‘पलीकडे जाता येतं का’ असं विचारलं की लोक भलेपणाने हो म्हणतात. ‘या पावसानंतर तिकडून कुणी आलंय का, कशावरून आलं’ असं विचारा, मग खरं उत्तर मिळतं.

अजून एक प्रकार लोक विसरतात, कालव्याच्या कडेचा देखभालीचा रस्ता. पाणी उताराशिवाय वाहत नाही पण त्याला उतार अगदी थोडा लागतो, त्यामुळे कालवा डोंगराच्या अंगाला धरून जवळजवळ सपाट जातो आणि त्याच्या शेजारचा रस्ताही. जिथे सायकलला परवानगी आहे तिथे हे रस्ते म्हणजे थकलेल्या पायांना दिलेली सुट्टीच. नकाशावर सपाट रस्ता ओळखायची खूण अशी की तो प्रत्येक घळीत आत वळून परत बाहेर येतो, नागमोडी दिसतो, लांब वाटतो. त्याउलट जो रस्ता सरळसोट घळीमागून घळी ओलांडत जातो तो प्रत्येक ओढ्यापाशी खाली पडतो आणि परत चढतो, अंतर कमी दिसतं पण करवतीच्या दात्यांवरून गेल्यासारखी अवस्था होते. लांबचा नागमोडी घ्या.

हे सगळं कशासाठी, तर शेवटच्या घरानंतर डांबर संपतं ना त्या क्षणासाठी. टायरचा आवाज बदलतो, सूं थांबून कुरकुर सुरू होते. मधल्या गवतावर दव असतं, ते पेडलच्या प्रत्येक फेरीला बुटाच्या टोकाला लागतं आणि दहा मिनिटांत मोजे ओले. चढ थोडा सैल झाला की पाय थांबवायचे, मग फक्त फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येते. पलीकडच्या उतारावर कुणीतरी ट्रॅक्टर चालू केलेला असतो, तो दिसायच्या आधी पाव तास त्याचा आवाज दरीत फिरत असतो, कधी डावीकडून वाटतो कधी मागून. या आवाजाचा उपयोगही आहे, अरुंद रस्त्यावर गाडी येतेय हे कानाला डोळ्याच्या बरंच आधी कळतं, म्हणून हेडफोन अजिबात नको, एका कानातसुद्धा नाही.

आता या शांततेची किंमत. ती चढात मोजावी लागते. मुख्य रस्ता सपाट आहे म्हणूनच तिथे गाड्या आहेत, आपण सोंडा ओलांडत जाणार म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे सरासरी १५ ते २० मीटर चढ धरायचा. तुमचे ८०-९० किमी इथे विसरा, ५० धरा. पायी डोंगर चढणाऱ्यांसाठी विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ नियम दिला होता, ५ किमीला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला अजून एक तास. सामानाच्या सायकलसाठी मी तोच सांगाडा वापरते, आकडे माझे, १५ किमीला एक तास अधिक ४०० मीटर चढाला एक तास. ५० किमी आणि ९०० मीटर चढ असेल तर ३ तास २० मिनिटं अधिक सव्वादोन तास, म्हणजे साडेपाच तास नुसतं पेडल मारणं, त्यात थांबणं, जेवणं, रस्ता विचारणं, ढकलणं मिळवा की दिवस भरला. कच्चा रस्ता असेल तर १५ ऐवजी १० धरा.

चढाचा आकडा अॅप सांगतं त्यावर मात्र आंधळा विश्वास नको. बऱ्याच नकाशांची उंची फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलमधून रडारने केलेल्या मोजणीवरून आलेली असते, तिचा एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा. ३० अंशांच्या उतारावर ३० मीटर आडवं सरकलं की उंची १७ मीटरने बदलते. त्यामुळे उताराच्या अंगात कोरलेला सपाट रस्ता कॉम्प्युटरला वरखाली होताना दिसतो आणि तो खोटा चढ बेरजेत धरतो. नेमके आपल्याला हवे असलेले नागमोडी रस्ते अशा आकड्यांत वाईट दिसतात, आणि लोक ते सोडून करवतीवर जातात. कॉन्टूर लाइनचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा उघडा, रस्ता किती रेषा कापतोय ते मोजा, पाच मिनिटं लागतात.

गिअरबद्दल मी जरा आग्रहाने लिहिणार आहे, कारण लोक टूर अर्धी सोडतात त्यातल्या बऱ्याचशा मी गुडघ्यांमुळे सोडलेल्या पाहिल्यात. हिशोब साधा आहे. तुम्ही, सायकल, सामान मिळून ९५ किलो धरू आणि ८ टक्क्यांचा चढ. पुढच्या चक्राला ३४ दाते, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला २८, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल २.६ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या तर ९.४ चा स्पीड आणि नुसतं वजन वर न्यायला सुमारे १९५ वॉट. तेच पुढे २६ आणि मागे ३४ असेल तर एका फेरीत १.६ मीटर, स्पीड ६ च्या आसपास, ताकद १२३ वॉट. नियमित सायकल चालवणारा माणूस १२० वॉटवर गप्पा मारत चढू शकतो. २०० वॉट पहिल्या सकाळी जमतील, चौथ्या दिवशी तिसऱ्या सोंडेवर नाही जमणार, मग फेऱ्या ४० वर येतात, प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जोर पडतो आणि संध्याकाळी जिना उतरताना कळतं. सगळ्यात हलका गिअर १ च्या खाली हवाच, म्हणजे पुढच्या दात्यांपेक्षा मागचे दाते जास्त. शक्यतो ०.८ च्या जवळपास. कितीही हलका लावला तरी कच्च्या चढावर तो वापरला जातो.

हलका गिअर म्हणजे कमीपणा असं मानणारे आजही भेटतात. हा वाद फार जुना आहे. फ्रान्समध्ये पॉल द विवी नावाचा माणूस होता, १८५३ ते १९३०, वेलोसिओ या टोपणनावाने लिहायचा, डोंगरात फिरायचं तर सायकलला अनेक गिअर हवेत हे तो आयुष्यभर सांगत राहिला. आणि टूर दे फ्रान्सच्या आयोजकांनी डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेऊन गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला परवानगी दिली ती १९३७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. प्रवासी सायकलवाल्यांना डोंगराने जे आधीच शिकवलं होतं ते रेसवाल्यांनी उशिरा मान्य केलं.

टायर ४० ते ४७ मिमी, आणि हवा कमी. कच्च्यावर जास्त हवा भरली की चाक प्रत्येक खड्यावरून उडतं, तुम्हाला आणि सामानाला वर उचलण्यात ताकद जाते आणि ब्रेक दाबताना पकड सुटते. वर हिशोबात धरलेल्या ९५ किलोला ४२ मिमीचा टायर असेल तर मी मागे ४५ आणि पुढे ३५ पीएसआयपासून सुरुवात करेन आणि मग रस्ता बघून कमीजास्त. मडगार्ड लावलात तर टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर फट ठेवा, नाहीतर ओल्या मातीत चाक जाम होतं आणि काडीने माती उकरत बसावं लागतं. सामानाबद्दल एवढंच की सगळं मागे लादू नका, पुढचं चाक हलकं पडलं की तीव्र चढावर उचलायला लागतं. जड वस्तू खाली आणि पुढे, एकूण सामान १२ किलोच्या आत बसवा.

ढकलण्याची पण पद्धत आहे, ती कुणी सांगत नाही म्हणून सांगते. डावा हात हँडलवर, उजवा सीटच्या मागच्या टोकाला, आणि ताकद सीटमधून लावायची, हँडलमधून नाही. हँडलने ओढत नेलं की पाठ वाकडी होते आणि पेडल पोटरीला लागत राहतं. दम लागला की पुढचा ब्रेक दाबून उभं राहायचं, सायकल जागेवर थांबते, पाच-सात श्वास घ्यायचे, मग परत वीस-तीस पावलं. तीव्र कच्च्या चढावर सीटवर बसून ५ च्या स्पीडने डगमगत जाण्यापेक्षा असं चालत ३ ने जाणं कमी थकवतं.

उतारावर माझं लक्ष वेगापेक्षा ब्रेकच्या उष्णतेवर असतं. ९५ किलो वजन ५०० मीटर खाली आणायचं म्हणजे साधारण सव्वा लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. डांबरी उतारावर त्यातली बरीच हवा खाते, पण कच्च्या वाटेवर तुम्ही १०-१२ ने उतरता तेव्हा जवळपास सगळी ब्रेकवर येते. सतत हलकं दाबून ठेवू नका. जोरात दाबा, वेग पाडा, सोडा, परत दाबा, मधल्या वेळात रिम किंवा डिस्क गार होते. लांब उतार असेल तर दर १०० मीटर उतरल्यावर थांबते मी, बोटांनाही आराम मिळतो. निघण्याआधी पॅड बघा आणि एक जादा जोडी सोबत ठेवा, ओल्या चिखलात ते आश्चर्य वाटेल इतक्या लवकर झिजतात. आणि जॅकेट उतार सुरू व्हायच्या आधी घाला, खाली पोचल्यावर नाही, घामाने भिजलेल्या अंगावर वारा लागला की दहा मिनिटांत बोटं आखडतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत.

वाऱ्याचं गणित सपाटीवरच्या लोकांना माहीत नसतं. दिवसा ऊन लागलं की डोंगराचे उतार तापतात, हवा वर जाते आणि तिच्या जागी खालची हवा दरीतून वर ओढली जाते, म्हणून निरभ्र दिवशी दुपारी वारा दरीच्या तोंडाकडून वरच्या दिशेने वाहतो, चांगला जोरात. रात्री उलटं होतं, गार हवा खाली वाहते, ती सकाळपर्यंत. म्हणून दरी उतरायचा तुकडा सकाळी आणि चढायचा दुपारी ठेवला तर वारा दोन्ही वेळा पाठीशी राहतो. दुपारी उतरताना समोरून वारा लागला की उतारावरसुद्धा पेडल मारावं लागतं, फार चिडचिड होते. उन्हाळ्यात दुपारचा चढ तापतो हे खरं, तेव्हा वाऱ्यापेक्षा सावलीचा विचार आधी करा. आणि दरीत सूर्य पंचांगाच्या बराच आधी मावळतो, समोरची धार उंच असेल तर तास-दीड तास आधी सावली पडते, मुक्कामाची वेळ त्या हिशोबाने धरा.

पाणी आणि खाणं नेहमी पुढच्या वस्तीपर्यंतचं नाही, तर परत फिरायला लागलं तर पुरेल एवढं. झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वरच्या अंगाला गुरं चरत असू शकतात, फिल्टर करा किंवा खळखळ उकळून एक मिनिट राहू द्या. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन हवा, दरीत रेंज जाते, आणि रेंज शोधण्यात फोनची बॅटरी पण उडते म्हणून फ्लाइट मोडवर ठेवा, जीपीएस तरीही चालतं. कुत्रं अंगावर आलं तर पळवू नका सायकल, चढावर तुम्ही हरणारच आहात. उतरा, सायकल मध्ये धरा, शांतपणे बोलत चालत पुढे जा, त्याची हद्द संपली की ते थांबतं. गुरांचा कळप आला तर रस्त्याच्या खालच्या बाजूला नाही, वरच्या बाजूला उभे राहा, धक्का लागला तर दरीत जायला नको.

एकट्याने की सोबत, या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वेळी दोघं. तिघं-चौघं झाले की सगळ्यात हळू माणूस घाई करायला लागतो आणि सगळ्यात वेगवान माणूस रस्ता न बघता पुढे निघून जातो, शिवाय तुमचाच आवाज इतका होतो की दरी ऐकू येत नाही. दोघांत एक नियम आधीच ठरवा, चढावर आपापल्या गतीने जायचं पण फाटा आला की पुढच्याने थांबायचं, फाटा कितीही उघड वाटला तरी. मागचा माणूस दिसला, त्याने तुम्हाला पाहिलं, मगच पुढे. पुढे गेलेल्याने मागच्याचा दम परत येईपर्यंत निघायचं नाही, नाहीतर एकजण दिवसभर विश्रांती घेतो आणि दुसऱ्याला कधीच मिळत नाही. एकट्याने जायचं असेल तर दुसऱ्या टूरपासून जा, पण घरी कुणाकडे तरी रोजचा रूट, मुक्कामाचं गाव आणि ‘रात्री नऊपर्यंत मेसेज आला नाही तर अमुक करायचं’ हे लिहून ठेवा. अमुक म्हणजे नक्की काय तेही लिहा, कुणाला फोन करायचा, कुठल्या खिंडीपाशी शोधायला सांगायचं.

निघायच्या आधी महिनाभर असताना एक शनिवार-रविवार पूर्ण सामान लादून, जवळ मिळेल त्या सगळ्यात वाईट कच्च्या चढावर जाऊन या. रविवारी संध्याकाळी बॅगा उघडल्यावर जे दोन दिवसांत हातातच घेतलं नाही ते एका बाजूला काढा, टूल किट आणि औषधं सोडून बाकी सगळं घरी ठेवा. आणि तेव्हाच कॅरिअरचे स्क्रू तपासा, हादऱ्यांनी पहिल्या दोन दिवसांतच सैल होतात.